वाटेवरच्या अनोळखी माणसांचे आभार

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फीनिक्सच्या पूर्वेला सुपरस्टिशन वाइल्डरनेस या राखीव रानात पेराल्टाच्या वाटेने फ्रीमाँट खिंडीकडे चढताना पोटरीत चोया निवडुंगाचा गोळा रुतला. मागून येणाऱ्या एका बाईंनी त्याला हात न लावता फणीचे दात काटे आणि कातडीच्या मधे सरकवले आणि एका झटक्यात तो उडवला. उरलेले काटे चिमट्याने एकेक करून उपसले, नि नाव न सांगताच त्या पुढे गेल्या. ताई, मनापासून आभार!

वाटा राखणाऱ्या स्वयंसेवकांचेही तितकेच ऋण आहे. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यामुळे अशा रानात यंत्राची करवत चालत नाही. आडवी पडलेली झाडं ही मंडळी हातकरवतीनेच कापतात, तेही त्या उन्हात! पुन्हा कुठे दिसलात, तर तुमची अवजारं मी वाहीन.