दारफाळणी आणि दसरा एकाच दिवशी

अलिबाग, ३ ऑक्टोबर २०२५
शिळा सण, दारफाळणीचा दुसरा दिवस

प्रिय मोशा,
शालोम.

कालचं तुलाच सांगायचं, दुसऱ्या कुणाला त्याचं काय! यंदा आपली ज्यूंची दारफाळणी, म्हणजे योम किप्पूरचा उपास, आणि दसरा एकाच दिवशी आले. घटस्थापनेच्या संध्याकाळी नव्याचा सण, आपलं नवं वर्ष, लागला तेव्हाच मी हिला म्हटलं होतं, या वर्षी आपलं आणि हिंदूंचं, दोन्ही पंचांगं बरोबरीने चाललीत. सोमवारी कोजागिरी, त्याच संध्याकाळी सुक्कोत, आपला मांडवांचा सण.

आमच्या तब्येती ठीक. गुडघे दुखतात, चालायचंच.

काळजी होती ती दहा पुरुषांची, तेवढे जमल्याशिवाय सामूहिक प्रार्थना होत नाही. बुधवारी सिनेगॉगमध्ये कोल निद्रेला, उपास लागतानाच्या प्रार्थनेला, नऊच जण. ऊन उतरत चाललेलं, प्रार्थना चालवणारे हजान थांबलेले, कुणी कुणाकडे बघेना. आपल्या लहानपणी बसायला जागा मिळायची नाही, तू पायरीवर बसून मला कोपर मारायचास. तेवढ्यात रोह्याचा एक पोरगा पांढऱ्या कपड्यांत, खांद्याला बॅग, धापा टाकत आत आला. एसटी उशिरा सुटली म्हणे. मोशा, त्याला मिठी मारावीशी वाटली रे!

काल दुपारी घटकाभर घरी आलो, तर बंद दाराच्या उंबऱ्यावर आपट्याची पानं. दारफाळणीला आपण दार लावून घेतो, म्हणून शेजारच्या सुनेनं ठेवली, हाक न मारता. नवी मुलगी, पण सासूनं रीत शिकवलेली दिसते.

लोकांना वाटतं, पंचवीस तासांचा उपास म्हणजे दुःखाचा दिवस. नेईलाला, शेवटच्या प्रार्थनेला, पाय लटपटत होते आणि आत नुसता आनंद. वर्षभराचं सगळं देवापुढे ठेवून झालेलं. शोफार, मेंढ्याचं शिंग, वाजला, घरी आलो. हिने आदल्या दिवशीच काळ्या मनुका कुस्करून, फडक्यातून गाळून ठेवल्या होत्या. त्या शरबताचा पहिला घोट! आणि आज सकाळी लगेच सुक्क्याच्या, सुक्कोतच्या मांडवाच्या, झावळ्या. पश्चात्ताप संपतो न संपतो तोच मांडव घालायला लावणारं हे पंचांग मला फार शहाणं वाटतं. तू म्हणायचास, ही कोकणी नावं टाका, सण खरे तिकडे इस्रायलमध्येच कळतात. तुझे तिकडे खरे, माझे इथे. त्यावरून आपण दोन वर्षं बोललो नव्हतो, आता नको.

पण पुढल्या वर्षीचं काय? यंदा गांधी जयंतीची सुट्टी होती म्हणून मुंबईची पोरं तरी आली. पुढल्या वर्षी हिंदूंचा अधिक ज्येष्ठ आधी येतो, आपला अधिक महिना, जादा आदार, २०२७ मध्ये, म्हणून किप्पूर थेट गणपतीत, २१ सप्टेंबरला. सोमवार आहे. आदला दिवस रविवार, तेव्हा पोरं येतील असं मी धरून चाललोय. हजानांचं वय झालंय, त्यांच्यामागे कोण, हे रात्री डोक्यातून जात नाही.

तुझ्या नातवाची लष्करातली पोस्टिंग कुठे? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? अश्दोदचं घर बदललंस म्हणे, पत्ता पाठव.

आणि २ फेब्रुवारीला आपल्या शेवाट महिन्याची पंधरावी. इथल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनबीच्या, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या, टापाच्या खडकावर मलिदा, गोड पोह्यांचा नैवेद्य, करायचाय. ये. पोहे मी भिजवीन, नारळ तू खवायचा, पूर्वीसारखा अर्धा खाऊन टाकायचा नाही. तिकीट काढलंस की हिला फोन कर.

तुझा,
शालू