आण्णा, गाडी ठरली

डर्बी, इंग्लंड,
रविवार

ती. आण्णांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चालती गाडी विकून दुसरी जुनीच घ्यायची, हा कुठला शहाणपणा?" तेव्हा मागून आई बोलत होती, बारक्या मध्येच ओरडत होता आणि माझी नाइट ड्युटीला निघायची वेळ झालेली. म्हणून आज बसून सविस्तर लिहिते. आईला वाचून दाखवताना वेगाचे आकडे आले की तेवढे गाळा.

आधी होंडाचं. माझ्या सीबी ५०० मोटारसायकलमध्ये काडीचाही बिघाड नाही. ४७१ सीसी, दोन सिलिंडर, ४७ हॉर्सपॉवरच्या आसपास. हॉस्पिटल, बाजार, रविवारची रपेट, सगळं ती गुमान करते. पण ती उघडी गाडी, पुढं काच नाही की वारा अडवणारं फेअरिंग नाही. इथं मोटरवेवर ७० मैलांची मर्यादा आहे, म्हणजे ११२ किलोमीटर, आणि झाडून सगळे त्याच वेगानं पळतात. वारा सगळा छातीवर. शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी हातभर बाजूला सरकते. एडिंबराला ताईकडं जायचं तर ४०० किलोमीटरच्या वर रस्ता आहे, कोल्हापूरहून मुंबई गाठण्यापेक्षा जास्तच. सामान पाठीवरच्या सॅकमध्ये, त्यात पाऊस. पोचल्यावर ताई चहा ठेवते आणि मला कप धरता येत नाही, बोटं वळलेलीच राहतात. इंजिन कुठंच कमी पडत नाही हो, माझी मान आणि मनगटं कमी पडतात. तेव्हा मला जास्त पिकअप नको आहे. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी ड्युटी करता यावी, एवढंच पाहिजे.

लांबच्या रस्त्याला असं न दमवणाऱ्या गाड्यांना इथं स्पोर्ट टूरर म्हणतात. बसणं थोडं पुढं झुकून, पण रेसच्या गाडीसारखं पोट टाकीवर टेकवून नाही. वाऱ्याला आडवी काच, दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या, आणि घाटात वळणावर आडवी पडायला तयार. मला हा प्रकार पहिल्यांदा हॉस्पिटलच्या दारातच दिसला. इथं ब्लड बाइकवाले असतात, सगळे स्वयंसेवक, एक पैसा घेत नाहीत. रात्री-अपरात्री रक्त, तपासणीचे नमुने, अगदी तान्ह्या पोरांसाठी आईचं दूधसुद्धा एका हॉस्पिटलमधून दुसऱ्यात पोचवतात. त्यांच्याकडं यामाहाची एफजेआर १३००, होंडाची पॅन युरोपियन, बीएमडब्ल्यूची आरटी असल्या गाड्या. पहाटे तीनला, ओल्या थंडीत, एक साठीच्या पुढचे गृहस्थ पेटी देऊन, सही घेऊन, परत तेवढंच अंतर कापायला निघाले. मी म्हटलं, गाडीत काहीतरी आहे.

मग तीच एफजेआर का नाही घेतली? आण्णा, १२९८ सीसी, चार सिलिंडर, चेनच्या जागी शाफ्ट, २५ लिटरची टाकी. तुम्ही बघितलीत तर उठणार नाही जागचे. पण वजन २९० किलोच्या घरात. आमच्या घराच्या बाजूनं मागं जायला अरुंद बोळ आहे, त्याला चढ आहे आणि गाडी तिथून हातानं ढकलत न्यावी लागते. माझी उंची आईवर गेलेली, म्हणजे कमीच. भर रस्त्यात गाडी सांभाळणं सोपं, हो. बंद गाडी उलटी ढकलताना एकदा कलली की २९० किलो मी धरू शकत नाही. घेणाऱ्यानं आधी आपला बोळ बघावा, मग ब्रोशर.

बारक्या ज्या यामाहा ट्रेसरचे व्हिडिओ पाठवतोय ती छानच आहे. ८४७ सीसी, तीन सिलिंडर, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप, ४०,००० किलोमीटरला बघायचं. २०१५ ला आली तेव्हा तिचं नाव एमटी-०९ ट्रेसर होतं, म्हणजे कोल्हापूरचं एमएच-०९ पासिंग असल्यागत. पण सीट ८५० मिलिमीटरवर. माझे पंजे कसेबसे टेकतात आणि सिग्नलला नेमका रस्ता कललेला असला की जीव वर येतो. शिवाय जीटी मॉडेल, ज्याला पेट्या आणि क्रूझ कंट्रोल येतं, ते माझ्या पैशात बसत नव्हतं.

होंडाची व्हीएफआर ८०० बघून मात्र पाय निघत नव्हता. व्ही-फोर इंजिन, आणि १९९८ ते २००१ च्या गाड्यांत व्हॉल्व्ह उघडणारे कॅम चेनवर नाही, सरळ गिअरवर फिरतात. त्याचा एक वेगळाच सूर लागतो. २००२ पासून व्हीटेक आलं: कमी आरपीएमला प्रत्येक सिलिंडरचे दोनच व्हॉल्व्ह उघडतात, वर गेली की चारही. कल्पना भारी, पण टॅपेटच्या कामाला मिस्त्री जी मजुरी मागतो ती ऐकून मी गप्प बसले. उद्यमनगरात तुम्ही स्वतः बसून केलं असतं ते. इथं दर तासाला पैसे मोजावे लागतात.

तर ठरली ती बीएमडब्ल्यूची एफ ८०० जीटी. नाव ऐकून घाबरू नका, त्यांच्यातली ही साधी. ७९८ सीसी, दोन सिलिंडर, ९० हॉर्सपॉवर, वजन २१३ किलो, सीट ८०० मिलिमीटर, आणि त्याहून खाली बसणारी सीटही मिळते. इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सनं बनवलंय, आणि तुमच्यासाठी खरी गंमत त्याच्या पोटात आहे. दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात. मग हादरे बसणार. ते मारायला क्रँकवर मधोमध तिसरा एक कनेक्टिंग रॉड लावलाय, ज्याच्या टोकाला पिस्टनच नाही! पिस्टन वर निघाले की तो खाली जातो, ते खाली आले की हा वर. मी चित्र काढून पाठवणार होते, पण तुम्ही माझ्या आधी काढाल.

आणि चेन नाही, रबरी दात असलेला पट्टा आहे. तुम्ही म्हणाल, गाडी का पिठाची गिरणी? पण आठ महिने पाऊस असलेल्या देशात, वर छप्पर नसताना, गुडघ्यावर बसून चेनला तेल मारायचं मी खूप केलंय. पट्ट्याला तेल लागत नाही. २४,००० मैलांना, म्हणजे जवळजवळ ४०,००० किलोमीटरला, बदलायचा. पेट्रोलची टाकी सीटखाली आहे, त्यामुळं वजन खाली राहतं आणि भरायचं तोंड मागं उजव्या बाजूला. पंपावरची पोरं बावचळतात. अ‍ॅव्हरेज विचारणारच तुम्ही: लिटरला विसाच्या आसपास. तुमच्या यामाहा आरएक्स १०० शी तुलना नको.

आता जुनी गाडी बघायची कशी, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण इथल्या दोन-तीन गोष्टी आपल्याकडं नाहीत. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची. तिचा सगळा इतिहास सरकारच्या साइटवर, नुसता नंबर टाकला की फुकट दिसतो. कुठल्या वर्षी कशात नापास झाली, तेव्हा मीटर किती होतं, मिस्त्रीनं काय ताकीद लिहिली, सगळं. मीटर मागं फिरवणाऱ्याची तिथंच पंचाईत. मी आधी ते बघायचे, मग फोन करायचे. एका गाडीला सलग तीन वर्षं "मागचा ब्रेक अडकतोय" हाच शेरा होता, आणि जाहिरातीत मालक लिहितो, प्रेमानं सांभाळलेली. कसलं प्रेम!

कर्जाचं मात्र उलटं. आपल्याकडं आरसीवर हायपोथिकेशन लिहिलेलं असतं, इथल्या कागदावर काही नसतं. गाडीवर फायनान्स बाकी असलं तर फायनान्सवाला उद्या आपल्या दारात येऊन उभा राहू शकतो. म्हणून थोडे पैसे भरून वेगळी चौकशी करायची. अपघातात इन्शुरन्सवाल्यांनी निकालात काढलेली गाडीही त्यातच कळते. चासीला मार असेल तर एस, नसेल तर एन, असे शिक्के असतात.

आणि मीठ. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. वरून गाडी लखलखीत, आणि खाली वाकून बघितलं की सायलेन्सरच्या नटांची भुकटी, रेडिएटरच्या जाळीला पांढरा फुलोरा, ब्रेकचे पिस्टन आखडलेले. त्यामुळं मी गाडी बघायला गेले की आधी खालीच वाकते, मालकाशी नंतर बोलते.

कमी चाललेल्या गाडीचा इथं फार बडेजाव. एका ठिकाणी मालक मीटर दाखवून खूश, मी टायर बघितला. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथं १५१४ होतं, म्हणजे २०१४ सालचा पंधरावा आठवडा. नक्षी अख्खी, रबर मात्र लाकूड. तुम्ही म्हणता ना, फिरती गाडी बरी, उभी गाडी कुजते. दुसरीकडं मालकानं मी यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं, म्हणजे गार असताना सुरू व्हायला कुरकुरते ते कळू नये. मी हात लावला आणि चहाला नको म्हणून निघाले. तिसऱ्या ठिकाणी मल्टिमीटर बॅटरीला लावला. रेस केल्यावर चार्जिंग होऊन १४ व्होल्टच्या आसपास जायला पाहिजे, तो १२.८ वरच बसलेला. मालक म्हणाला, बॅटरी नवीन आहे. मी म्हटलं, म्हणूनच.

ही जी ठरली, ती मॅटलॉकच्या अलीकडच्या एका गावात, निवृत्त शिक्षकाकडं. गॅरेजचं दार उघडलं, गाडी डबल स्टँडवर. इंजिन गार. त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं. पुढचं चाक जमिनीवरून उचलायला मागं थोडं वजन दिलं आणि मी हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरवलं, डोळे मिटून, तुम्ही शिकवलंय तसं. मधोमध कुठं खाच लागते का, कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, बसलाय का. तुपासारखं फिरलं. मग मागचं चाक वर-खाली धरून हलवलं, प्ले नाही. पट्टा बोटभर फिरवत पूर्ण बघितला: दात शाबूत, खडा रुतलेला नाही, भेग नाही. ब्रेकच्या डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तिच्यापेक्षा बरीच शिल्लक. फोर्कवर तेलाची रेघ नाही. डाव्या फूटरेस्टचं टोक आणि क्लच लिव्हरचा गोळा मात्र घासलेला. मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "पेट्रोल पंपावर उभी असताना पडली." चासी आणि हँडलचे स्टॉपर बघितले, तिथं ठोका नाही. म्हणजे खरं बोलले.

मग त्यांनी फाइल काढली. प्रत्येक ऑइल बदलाची पावती, पट्टा बदलल्याची पावती, टॅपेट तपासल्याची, त्यावर कुठल्या व्हॉल्व्हला किती गॅप होता तेसुद्धा पेनानं लिहिलेलं. बाई गाडीबद्दल विचारतेय म्हणून हसणारे मालकही मला भेटले. यांनी मात्र मी वाचेपर्यंत दुसरं काही केलं नाही. चक्कर मारून आले. काचेमागं मान सरळ ठेवून ७० मैलांवर हेल्मेटच्या आत मी स्वतःचं गाणं ऐकू शकले. कुठलं, ते विचारू नका.

चार हजार पौंडांच्या थोडं आत सौदा झाला, दोन पेट्या आणि दोन्ही चाव्यांसकट. रुपयांत करू नका, आईच्या समोर तर नकोच. निम्मे होंडा विकून येतील, तिला गिऱ्हाईक आहे. बाकी माझे साठवलेले आहेत, तुमच्याकडून काही नको. इथं गाडी विकली की जुन्या मालकाचा रोड टॅक्स संपतो, तेव्हा टॅक्स आणि इन्शुरन्स आधी माझ्या नावानं करून येत्या शनिवारी आणायला जाणार.

बारक्याला सांगा, ही गाडी पुढं कोल्हापूरला आणायची स्वप्नं बघू नकोस. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करताच येत नाही, आणि ड्युटीचा आकडा ऐकून तो गगनबावड्याला चालत जाईल. त्याला गाडीच पाहिजे असेल तर आधी लायसन्स काढू दे. मला इथं भारतातलं लायसन्स वर्षभरच चाललं. पुढं लेखी, मग मैदानातली, मग रस्त्यावरची परीक्षा. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात आणून गाडी एकदम थांबवून दाखवावी लागली, आणि रस्त्यावर परीक्षक दुसऱ्या मोटारसायकलवर मागं, कानात त्याचा आवाज. बारक्यानं निदान हेल्मेटचा पट्टा लावायला शिकावं.

आईचं गुडघ्याचं औषध संपायच्या आत आणा, संपल्यावर नको. आणि तुमच्या आरएक्स १०० ला कुणी लाखाची बोली लावली तरी देऊ नका. कागद नूतनीकरणाला टाकलेत का, तेवढं कळवा. डिसेंबरात आले की कार्बोरेटर आपण दोघं उघडू, तोवर दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.

तुमची,
मनू