माळ्यावरची टेनिस मासिकं

कोथरूड, पुणे

प्रिय दिल्या,

परवा रंगकामासाठी माळा उपसला आणि आपली टेनिस मासिकं सापडली. डेक्कनच्या फुटपाथवरून निम्मे-निम्मे पैसे काढून घेतलेली. तुझा वाटाही माझ्याकडेच पडून होता. मागू नकोस, वाळवीने तिचा आधीच उचललाय. हिने रद्दीवाल्याला बोलावलं होतं. मी पंख्याखाली अंक चाळत बसलो, तो कंटाळून निघून गेला.

तू म्हणायचास ना, मासिकाने पंचासारखं असावं, कोणाची बाजू घेऊ नये? तेव्हा मी मान डोलवायचो. आता वाचताना वाटलं, धडधडीत खोटं फारसं छापलेलं नाही रे. गोम आहे ती कोणाला किती जागा दिली यात.

रशियाच्या ॲना कुर्निकोवाचंच घे. (आपल्या खोलीत दारामागे तिचं पोस्टर होतं, तेव्हा मी सोवळ्याचा आव आणत नाही.) २००० च्या आसपासच्या अंकांत ती पानोपानी आहे, आणि त्याच पानांत कुजकट ओळ: हिने एकेरीत एकही स्पर्धा जिंकलेली नाही. खरंय. पण १९९९ मध्ये हिंगिसबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनचं दुहेरी तिने जिंकलं, त्याच वर्षी दुहेरीत पहिल्या क्रमांकावरही गेली. ते शोधायला मला मुंगीएवढ्या अक्षरांच्या निकालात शिरावं लागलं. आधी चेहऱ्यासाठी डोक्यावर घ्यायचं, मग नुसता चेहराच आहे म्हणून टोमणा मारायचा. खेळ कसा होता, ते कोणी लिहायचं?

दुहेरीचं दुखणं तर आपल्या घरचं. २०१९ ची बालेवाडीच्या महाराष्ट्र ओपनची एकेरीची फायनल तुझी हुकली. अँडरसन-कार्लोविच, ७-६, ६-७, ७-६. कार्लोविचची सर्व्हिस आमच्या स्टँडमधूनच खाली येतेय असं वाटायचं. त्याच स्पर्धेत आपल्या बोपण्णा आणि दिविज शरणने दुहेरी जिंकलं. पुढे एका परदेशी मासिकात पाहिलं, तर एकेरीला फोटोसह मजकूर आणि दुहेरी तक्त्यात, तेही शरणच्या आडनावाचं स्पेलिंग चुकवून.

आणि रॅकेटची परीक्षणं! डाव्या पानावर परीक्षण, उजव्या पानावर त्याच रॅकेटची रंगीत जाहिरात. वाईट कुठलीच नाही. फार तर 'मनगटात जोर असलेल्यांसाठी'. तेवढ्यावर विसंबून मी शिकवण्यांचे पैसे घातले आणि सहा महिने कोपराला पट्टा बांधून हिंडलो. तूच माझी स्कूटर चालवायचास तेव्हा.

आता ग्लॅडिस हेल्डमन आठव. १९५३ मध्ये 'वर्ल्ड टेनिस' मासिक काढणारी. १९७० मध्ये जॅक क्रेमरच्या लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत बायकांच्या बक्षिसाच्या कितीतरी पट रक्कम पुरुषांना ठेवली होती. तेव्हा बातमी छापून या बाईने हात झटकले नाहीत. ह्यूस्टनला वेगळी स्पर्धा भरवली, बिली जीन किंगसह नऊ जणींशी नावापुरता एकेका डॉलरचा करार केला. त्या नऊ जणींत तिची स्वतःची मुलगी ज्युली, आणि वर प्रायोजक सिगारेट कंपनी! तुझ्या पंचाच्या नियमाने बाई पहिल्याच फेरीत बाद. पण आपण कोणाकडून आहोत हे तिने लपवलं नाही. वाचणाऱ्याला तेवढं वजा करून वाचता येत होतं. परीक्षणातून मी काय वजा करणार होतो? १९७३ ला अमेरिकन ओपनने स्त्री-पुरुषांचं बक्षीस समान केलं. विम्बल्डनला २००७ उजाडलं. मधली चौतीस वर्षं तटस्थ राहिलेल्या मासिकांनी काय तीर मारले असते, सांग बरं.

तू चिडशील, माहितेय. दिवाळीत ये, भांडू. लिंबाच्या झाडाखाली दोन खुर्च्या अजून आहेत.

एक अंक तुझा म्हणून बाजूला काढलाय. मुखपृष्ठ गेलंय. आत अगासीचा प्रतिस्पर्धी सॅम्प्रस, त्याच्यावरच्या लेखाच्या समासात तुझ्या अक्षरात 'पक्षपात!!!' लिहिलंय, तीन उद्गारचिन्हांसकट. आणि खाली माझ्या अक्षरात: 'अगासीवाल्यांनी बोलू नये.'

तुझा,
अव्या