आई, घोडा जगतो

तीर्थरूप आई-आबांना साष्टांग नमस्कार.

आई, आधी तुझ्यासाठी सांगते, घोडा जगतो. हे कळल्याशिवाय तू हा सिनेमा बघायला बसायची नाहीस. टीव्हीवर कुणी जनावरावर नुसता हात उगारला तरी तू उठून आत जातेस. तर जोई जगतो आणि आपल्या घरी परततो. त्याच्या जोडीचा काळा घोडा टॉपथॉर्न मात्र तोफा ओढून ओढून मरतो. तेवढ्यापुरते डोळे मिटून घे.

सिनेमाचं नाव 'वॉर हॉर्स'. मायकेल मॉर्पुर्गोंच्या १९८२ सालच्या कादंबरीवरून स्टीव्हन स्पीलबर्गनं तो २०११ मध्ये काढला. कादंबरीत घोडाच सगळी गोष्ट सांगतो. सिनेमात तो बोलत नाही, आणि मला तेच जास्त भावलं. पहिलं महायुद्ध चालू आहे, घोडा या हातातून त्या हातात जातोय, आणि आपण नुसते त्याच्या मागोमाग. आधी इंग्रज, मग जर्मन, मग एक फ्रेंच आजोबा आणि त्यांची नात. शत्रू कोण, हे त्याला ठाऊकच नाही. जो पाणी दाखवेल, जखम धुवेल, तो त्याचा. त्यामुळे दोन जर्मन भाऊ, अजून मिसरूडही न फुटलेले, सैन्यातून पळून पवनचक्कीत लपतात आणि पकडले जातात, तेव्हा आपण कुठल्याच बाजूचे उरत नाही. त्यांना गोळ्या घालतात त्या क्षणी पवनचक्कीचं पातं मधे येतं. पातं पुढे सरकतं, तोवर दोघं खाली पडलेले असतात. रक्त दाखवलेलं नाही, म्हणून मुलांना घेऊन बसता आलं. पण धाकटी त्यानंतर बराच वेळ मला चिकटून होती.

आबा, आता तुमच्याशी बोलायचं आहे.

इंग्लंडच्या डेव्हन भागात टेड नावाचा एक शेतकरी. कुळानं जमीन कसणारा, पायानं अधू, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लढून आलेला. लिलावात नांगराचा दणकट घोडा घ्यायला जातो आणि जमीनमालकाशी ईर्षा करून ३० गिनींना हे उमदं शिंगरू घेऊन येतो. चारही पाय पांढरे, कपाळावर चांदणी. पंचकल्याणी! तुम्ही बघताक्षणी म्हणाला असतात. घरात खंडाचे पैसे नाहीत आणि दारात हे असलं जनावर, मग बायको चिडणारच. पण पोरगा अल्बर्ट त्याला जीव लावतो, गळ्यात पट्टा चढवायला शिकवतो, आणि भर पावसात दगडाधोंड्यांचं रान त्याच्याकडून नांगरून घेतो. सगळा गाव बांधावर उभा राहून बघतो. तुम्ही तो प्रसंग पुन्हा पुन्हा लावायला सांगाल, माझी खात्री आहे.

त्या रानात सलगम लावतात आणि पाऊस सगळं पीक धुऊन नेतो. तेवढ्यात १९१४ ची लढाई लागते. टेड पोराला न सांगता पहाटे जोईला बाजारात नेतो आणि लष्कराच्या कॅप्टनला विकतो. अल्बर्ट धावत येतो तोवर व्यवहार झालेला असतो.

आबा, तिथे मला फक्त तुम्ही दिसत होतात. २००३ च्या दुष्काळात तुम्ही हौशाला बाजारात नेलंत. विहिरीनं तळ गाठला होता, कडब्याची पेंढी परवडत नव्हती, आणि दोन बैल जगवायचे की आमच्या फिया भरायच्या, एवढंच उरलं होतं. दलालानं रुमालाखाली तुमची बोटं धरली तेव्हा तुम्ही दुसरीकडे बघत होतात, असं दादानं मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या वर्षी बेंदराला एकट्या राजाची शिंगं रंगवलीत. हौशाचं नाव त्यानंतर घरात कुणी काढलं नाही, आणि मला वाटतं, तुम्ही ते स्वतःला लावून घेतलंत. या सिनेमात टेडला कुणी वाईट ठरवलेलं नाही. पैसे घेतानाचं त्याचं तोंड बघा. ज्यानं जनावर विकलं त्याचा जीव त्याच्यात नव्हता, असं ते तोंड बघून कुणी म्हणू शकणार नाही. तुमच्याबद्दलही मी ते कुणाला म्हणू देणार नाही.

पुढचा एक प्रसंग आईलाही बघू द्या. जोई बिथरून दोन्ही सैन्यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात धावत सुटतो आणि काटेरी तारांत अडकून पडतो. एक इंग्रज शिपाई पांढरं फडकं घेऊन खंदकातून वर येतो, समोरून एक जर्मन तार कापायची पक्कड घेऊन येतो. दोघं मिळून त्याला सोडवतात, घोडा कुणाचा म्हणून नाणं उडवतात, आणि आपापल्या खंदकात परत जातात. (आई, ती तार खोटी होती. काही ठिकाणी तर घोडाही यंत्राचा होता.)

त्या युद्धात घोडे, खेचरं, गाढवं मिळून सुमारे ८० लाख जनावरं मेली असं मानतात. आपल्या सातारा-रत्नागिरीकडची पोरंही त्याच लढाईत होती. गावोगावच्या दगडी पाट्यांवर किती गेले आणि किती परत आले नाहीत, ते कोरलेलं आहेच. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत इथे मराठा पलटणी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. दाणागोटा संपत आला तसे घोडे आणि खेचरं कापावी लागली. हिंदुस्थानी शिपायांतल्या कित्येकांनी उपाशी राहणं पत्करलं, पण बरेच दिवस ते मांस तोंडाला लावलं नाही. धर्माचं कारण होतंच. पण ज्यांच्या घरी दावणीला जनावरं होती, त्यांना आणखीही काही वाटलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

लढाई संपल्यावर सैन्यानं हजारो घोडे तिथल्या तिथे विकून टाकले, काही थेट खाटकांना. सिनेमातही जोईवर एक खाटीक बोली लावतो. पुढचं सांगत नाही, ते तुम्हीच बघा.

दादाला सिनेमा पाठवला आहे. भाषा इंग्रजी आहे, पण नातू शेजारी बसून सांगेल, आणि अर्ध्या ठिकाणी सांगायची गरजच पडणार नाही. बघून झाल्यावर आबा, मला फोन करा. हौशाला नेणारा माणूस कुठल्या गावचा होता, त्याच्याकडे रान होतं का, तुम्ही नंतर कधी चौकशी केलीत का, हे सगळं मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

तुमची,
लेक