वारीच्या गाड्यांचे वरचे दिवे आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वारीला आता जेमतेम महिना उरला आहे. दिंड्यांच्या गाड्यांची डागडुजी सुरू झाली असेल. ताडपत्री, शेगड्या, पाण्याच्या टाक्या, टायर, सगळे बघितले जाते. एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी राहून जाते, म्हणून हे पत्र. गाडीच्या बॉडीच्या वरच्या कोपऱ्यांवर आणि बाजूंना छोटे दिवे असतात, गॅरेजवाले त्यांना मार्कर लाईट म्हणतात. ते पेटतात का, हे वारीआधी बघा.

आमच्याकडे पिकअप आहे. मागच्या हौद्यावर लाकडी चौकटीची, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा मारलेली खोली बसवून घेतली आहे. आरसी बुकावर तशी नोंद आहे. आत दोन फळ्या, एक शेगडी आणि धान्याचे डबे. गाडी चालू असताना मागे कोणी बसत नाही, पण मुक्कामी मी आणि आमचे हे तिथेच पाठ टेकतो. गुडघे गेल्यापासून माझी पायी वारी सुटली, तरी दिंडीच्या स्वयंपाकाची सेवा या गाडीमुळे टिकून आहे. ही खोली ड्रायव्हरच्या डोक्यावरून पुढे आलेली आहे आणि दोन्ही अंगांना मूळ गाडीपेक्षा वीतभर बाहेर आहे. त्या वीतभराचीच ही गोष्ट.

गेल्या वर्षी माउलींची पालखी पुण्यात मुक्कामाला असताना आम्ही रात्रीच सासवडला निघालो. पहाटे चूल पेटवायची तर पुढे जाऊन जागा धरावी लागते. बोपदेव घाटात पाऊस आणि धुके, दहा हातांवरचे दिसत नव्हते. सासवडला पोचलो, गाडी लावली, तर मागून दुधाचा टँकर येऊन थांबला. ड्रायव्हर पोरसवदाच, पण घाबराघुबरा झालेला. म्हणाला, “मावशी, तुमचे खालचे दोन लाल दिवे दिसत होते, मी समजलो साधी पिकअप आहे. वरची खोली दिसलीच नाही. वळणावर बाजूने काढताना माझा आरसा तिला घासता घासता राहिला.” आमचे हे खाली उतरून बघतात तर आठपैकी एकच मार्कर लाईट मिणमिणत होता. निघताना कोणी बघितलेच नव्हते. दिवसा गाडी धुतो, हार घालतो, टायरची हवा बघतो. अंधारात मागे उभे राहून गाडी कशी दिसते, हे मात्र आम्ही कधी बघितले नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी भोसरीत एका छोट्या कारखान्यात चौदा वर्षे विजेच्या मोटारींचे वाइंडिंग, म्हणजे तांब्याची तार गुंडाळायचे काम केले आहे. तांब्याची तार कशाने मरते ते मला कळते. वारीहून आल्यावर मी स्वतः स्टुलावर चढून आठही दिवे उतरवले. उन्हाने काचा दुधाळ झाल्या होत्या. पहिल्याचा स्क्रू फिरवला तर डोकेच तुटून हातात आले. दुसऱ्याची काच काढली तशी वाटीभर गढूळ पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. आतल्या तारेवर हिरवा कळंक चढला होता, कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिले की चढतो तसा. दिव्यामागचे लाकूड बोट दाबले की आत जात होते. म्हणजे पाणी दिव्यापाशी थांबले नव्हते, भिंतीत उतरले होते.

गंमत म्हणजे आठपैकी पाच बल्ब चांगले होते. मीटर लावला तर बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि दिव्यापाशी जेमतेम आठ. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक मोकळी वायर आणून दिव्याच्या दुसऱ्या टोकाला टेकवली, तसा दिवा लख्ख पेटला. दुखणे अर्थिंगचे होते, म्हणजे दिव्यातून वीज बॅटरीकडे परत जायच्या वाटेचे. ज्याने ही बॉडी बांधली त्याने दिव्यांची अर्थ एका स्क्रूने पत्र्याला देऊन टाकली होती. पत्रा लाकडावर, लाकूड हौद्यावर. लाकडातून वीज कशी परत जाणार? जो काही एखादा बोल्ट चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकत होता तो गंजला आणि एकेक करून दिवे मंद झाले. दरवेळी आम्ही नवा बल्ब घालून आणत होतो.

ज्यांच्या गाड्यांवर अशा लाकडी किंवा फायबरच्या बॉड्या आहेत त्यांना कळकळीने सांगते, प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर ओढा आणि ती चासीचे लोखंड घासून, टोकाला लग म्हणजे धातूची कडी लावून पक्की करा. जुनी वायर उपसून टाकण्याआधी तिच्या शेपटाला नवी बांधा, म्हणजे ओढताना आपोआप आत जाते, भिंत उघडावी लागत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन दिव्यामागे भरू नका, त्यातले आम्ल तांबे खाते. मी ब्युटाईलची, म्हणजे मऊ रबराची चिकट पट्टी लावली, वरून आणि दोन्ही बाजूंनी. खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली. पाणी कुठून तरी शिरतेच, त्याला खाली उतरायला वाट हवी.

दिवे आणायला नाना पेठेत गेले. दुकानदाराने विचारले, “बारा की चोवीस?” हे आधी बघून जा, पिकअपला बारा व्होल्ट, मोठ्या ट्रकला चोवीस. त्याने रंग बदलणारे, लुकलुकणारे दिवेही दाखवले. ते दिंडीच्या गाडीवर शोभून दिसतील असे त्याला वाटले असणार. पण पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल, हा क्रम शोभेसाठी ठरलेला नाही. अंधारात समोरच्याला गाडी येते आहे की चालली आहे हे रंगावरूनच कळते. पुढच्या बाजूला लाल दिवा लावायला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही मनाई आहे.

मी एलईडी घेतले, त्याचे कारण मुक्काम. पाच वॅटचे आठ बल्ब म्हणजे चाळीस वॅट, बारा व्होल्टवर तीन अँपिअरच्या वर. रात्रभर ठेवले तर सकाळी गाडी ढकलावी लागते, म्हणून सगळेच ते बंद करून झोपतात आणि गाडी रस्त्याकडेला काळीकुट्ट उभी राहते. एलईडीला एकेका दिव्यामागे जेमतेम एक वॅट लागतो, आठही दिवे उजाडेपर्यंत चालू ठेवता येतात. रिफ्लेक्टरची पट्टी लावावीच, पण ती दुसऱ्याचा उजेड पडेल तेव्हा चमकते. वळणावर उजेड पडेपर्यंत उशीर झालेला असतो. सगळे सामान दोन हजारांच्या आत आले. एका दिव्याची जुनी भोके नव्याशी जुळली नाहीत, ती आधी बुजवून घेतली. दोन रविवार गेले.

वाहनांचे दिवे तपासून प्रमाणित करणारी एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था १९६६ पासूनची, आणि आहे आपल्याच कोथरूडला. त्याच शहरात रात्री नवले पुलावर किंवा सोलापूर रस्त्यावर उभे राहून बघा, उंच बॉडीच्या किती टेम्पोंचे वरचे कोपरे अंधारात असतात. माझी परिवहन खात्याला विनंती आहे की, पालख्या निघण्याआधी दोन दिवस, आणि तेही अंधार पडल्यावर, दिंड्यांच्या गाड्यांच्या दिव्यांची तपासणी ठेवावी. दंडाची पावती नको, फक्त कुठला दिवा बंद आहे ते दाखवून द्यावे. दिंडीचालकांनीही ड्रायव्हरला एवढेच सांगावे की, गाडी चालू करून, दिवे लावून, पन्नास पावले मागे जाऊन बघ.

यंदा सासवडच्या मुक्कामी माझ्या पिशवीत टेस्ट लॅम्प, वायर, चिकट पट्टी आणि बारा व्होल्टचे चार जादा दिवे असतील. कोणाच्या गाडीचा कोपरा अंधारा असेल तर आमच्या गाडीपाशी या. वर मागच्या बाजूला दोन लाल आणि कडेला पिवळे दिवे रात्रभर चालू असतील, लांबूनही दिसतील.

आपली,
एक वाचक भगिनी
धनकवडी, पुणे ४३