कामठ्याच्या लाकडाला एक वर्ष द्यावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांत बांबूचे कामठे, म्हणजे धनुष्ये, पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहेत आणि तेथील भिल्ल व पावरा कारागिरांच्या हातोटीविषयी मला येथे काही सांगायचे नाही. हे पत्र धामणीसारख्या चिवट, कठीण लाकडापासून धनुष्य करू पाहणाऱ्या तरुणांसाठी आहे. ताजे लाकूड तोडून आठ-पंधरा दिवसांत ते तासायला घेतले, की ते एक तर टोकापासून तडकते किंवा दोरी उतरवल्यावरही वाकलेलेच राहते. असे वाया गेलेले लाकूड म्हणजे वाया गेलेले झाड, आणि आपल्या उजाड होत चाललेल्या डोंगरांना ते परवडणारे नाही.

ओल्या लाकडातले मोकळे पाणी आधी निघून जाते आणि तोवर लाकूड आक्रसत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरला, की पेशींच्या भिंतींमधले पाणी जाऊ लागते व खरे आकुंचन सुरू होते. हे आकुंचन खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जितके होते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे होते; शिवाय आडव्या छेदातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने उडते. भेगा पडतात त्या या ओढाताणीमुळे. म्हणून ओंडका तोडला त्याच दिवशी दोन्ही तोंडांना मेणाचे किंवा ऑइल पेंटचे दोन जाड थर द्यावेत. शेणमाती लिंपण्याची पद्धतही चांगली, मात्र ती सुकून गळते आणि पुन्हा पुन्हा लावावी लागते. नंतर ओंडका करवतीने न कापता पाचर ठोकून उभा फाडावा, म्हणजे लाकडाचा धागा जिकडे जातो तिकडेच फाळ (फाडलेला लांब तुकडा) फुटते आणि धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे धनुर्धाऱ्यापासून दूरच्या बाजूवर, तो मध्येच तुटत नाही. साल काढून टाकावी, कारण तिच्याखाली भुंगेरे घर करतात. साल काढलेल्या पाठीलाही पातळ लेप द्यावा.

यापुढचा भाग खानदेशच्या हवेचा आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याकडेच होते. बाहेरच्या देशांतील माहिती वाचून आपले तरुण लाकूड लवकर कसे वाळेल याची काळजी करतात. आपल्याकडे काळजी करायची ती ते फार लवकर वाळण्याची. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उघड्यावर ठेवलेल्या फाळीचा बाहेरचा भाग कोरडा ठणठणीत होतो आणि आत ओल तशीच राहते. अशा हवेत बारीक लाकडाचा ओलावा ४-५ टक्क्यांपर्यंत उतरतो व ते ठिसूळ होते. श्रावणात तेच लाकूड १५ टक्क्यांपर्यंत ओल धरते आणि मऊ पडते. धनुष्याला हवा असतो ८ ते १० टक्के ओलावा, आणि तो आपल्या हिवाळ्यातल्या हवेत आपोआप मिळतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की लाकूड दिवाळीनंतर तोडावे, हिवाळाभर वारा खेळणाऱ्या सावलीत जमिनीपासून वीतभर उंच रचून ठेवावे, उन्हाळ्यात पत्र्याखाली न ठेवता मातीच्या भिंतींच्या आतल्या खोलीत हलवावे, पावसाळ्यात ओल व वाळवी यांपासून जपावे आणि शेवटची तासणी व दोरी चढवून वाकवण्याचे काम पुढच्या हिवाळ्यातच करावे. फाळ आधी जाडसर आकारात तासून ठेवली तर ती आतपर्यंत लवकर वाळते, पण त्या अवस्थेत ती मुळीच वाकवू नये. वाळली की नाही हे ओळखायला किराणा दुकानातला काटा पुरतो: दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे आणि ते काही आठवडे स्थिर राहिले म्हणजे आतले पाणी हवेशी जुळले असे समजावे. अधिक खात्री हवी असल्यास त्याच लाकडाचा लहान तुकडा वजन करून भट्टीत पूर्ण वाळवावा. १२० ग्रॅमचा तुकडा ८० ग्रॅम झाला, तर कोरड्या वजनाच्या मानाने ओलावा ५० टक्के होता.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ज्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवले जाते, त्यांनी सावलीची एक रचाई व ओलावा मोजण्याचे एक साधे यंत्र या मुलांसाठी खुले ठेवावे, अशी माझी विनंती आहे. तसेच बांधावरचे झाड असले तरी ते तोडण्यापूर्वी वन विभागाकडे परवानगीची चौकशी करावी, हे त्यांना तेथेच सांगितले जावे.

आपला एक वाचक,
शहादा, जि. नंदुरबार