कॉटन ग्रीन स्टेशन आणि आमचा कापूस

मा. संपादक साहेब, नमस्कार,

मी परभणी जिल्ह्यातला कापूस उत्पादक शेतकरी. मागच्या हिवाळ्यात मेव्हण्याच्या उपचारासाठी परळला तीन आठवडे राहायचं काम पडलं. सकाळी डॉक्टर पाहून गेले की दुपारभर बसूनच राहायचं, धर्मशाळेतली आमच्याकडची सगळी माणसं मोबाईल नाहीतर भिंतीकडं बघत बसलेली, मग एक दिवस मी शिवडीपर्यंत पायी गेलो आणि हार्बर लाईनची गाडी पकडली तर पुढचंच स्टेशन कॉटन ग्रीन. नाव वाचून उतरलोच.

साहेब, जन्म गेला मोंढ्यात कापूस घालण्यात पण मुंबईत कापसाच्या नावाचं स्टेशन आहे हे माहीत नव्हतं. तिथं गाठी ठेवायच्या जुन्या वखारी आहेत, कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे. नंतर कळलं की मूळचं कॉटन ग्रीन हे नव्हंच. फोर्टात टाऊन हॉल आहे, 1833 सालचा, लांबलचक पायऱ्यांचा, त्याच्यासमोर पूर्वी मोकळं मैदान होतं आणि गाठींच्या थप्प्या तिथं लागायच्या, मग तो बाजार कुलाब्याला हलला आणि शेवटी इकडं शिवडीकडं आला. त्या मैदानाचं आज हॉर्निमन सर्कल झालंय, झाडं आहेत, बाकडी आहेत. मी तिथं तासभर बसलो. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद पडला, इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडचा माल उचलला आणि भाव असे चढले की त्या पैशावर समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, लढाई संपली तसे भाव कोसळले अन् मोठमोठे व्यापारी बुडाले. भाव पडला की काय होतं हे आम्हाला कुणी सांगायला नको.

तिथून बॅलार्ड इस्टेट चालत जवळच आहे. त्या रुंद रस्त्यांखालची जमीन गोदी खोदताना निघालेल्या मातीची आहे. आणि गोदी म्हटलं की 14 एप्रिल 1944. त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमधल्या फोर्ट स्टिकिन जहाजात स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी, आग लागली आणि शेकडो माणसं गेली, विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही गेले. म्हणून देशभर तो दिवस अग्निशमन सेवा दिन पाळतात. आपल्याकडं त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, गावोगाव मिरवणुका, त्यामुळं ही दुसरी आठवण आपल्यापर्यंत पोचलीच नाही. जिनिंगवर गाठीला आग लागलेली ज्यानं पाहिलीय त्याला कळंल, वरून विझली तरी आतून धुमसत राहते.

शिवडीचा किल्लाही पाहिला, इंग्रजांनी 1680 मध्ये बांधलेला. टेकडी छोटी आहे, म्हाताऱ्या माणसालाही जमंल. खाली खाडीचा चिखल आणि त्यात फ्लेमिंगो, ओहोटी पाहून जा म्हणजे पक्षी चरताना दिसतात. आता अटल सेतूही तिथूनच सुरू होतो. मेव्हण्याला फोटो दाखवले तर तो कितीतरी दिवसांनी हसला.

माझं म्हणणं एवढंच आहे की मराठवाड्यातून रोज शेकडो माणसं दवाखान्याला आणि मंत्रालयात येतात आणि गेटवे पाहून रात्रीच्या गाडीनं परत जातात. हेरिटेज वॉक मी शोधले, मला सापडले ते रविवारी सकाळी, ऑनलाईन बुकिंगचे आणि बहुतेक इंग्रजीतले, पेशंट सोडून कोण जाणार तिकडं. तुमच्या पेपरात दर शनिवारी असा एक रस्ता छापा, कोणत्या स्टेशनला उतरायचं, किती चालायचं, पाणी कुठं, मुतारी कुठं, स्वस्तात जेवण कुठं. आणि कापसाच्या जुन्या वखारींपाशी मराठीत एक पाटी लावावी यासाठी पालिकेकडं तुम्ही लावून धरा, आमच्या एकट्याच्या अर्जाला कोण विचारतं.

मेव्हण्याची पुढची तपासणी वेचणी संपल्यावर आहे, देवगिरीचं तिकीट काढलंय. यावेळी मस्जिद बंदर ते भाऊचा धक्का पायी करायचा विचार आहे, तेवढ्यात तुमचा रस्ता छापून आला तर कात्रण खिशात घालूनच निघतो.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, जि. परभणी